टाच आणि चवडा

बाबा गाडीत माझ्या शेजारी बसले, पट्टा लावून झाला, की उजव्या हाताचा तळवा डॅशबोर्डवर टेकवतात. गाडी थांबेपर्यंत तो तिथून हलत नाही. आधी मला वाटायचं, माझ्या चालवण्याची धास्ती वाटते म्हणून धरून बसतात. तसं नाही. बाबांना कमी ऐकू येतं. उमेदीची सगळी वर्षं चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये गेली, टर्बाइनच्या आवाजात कानांचं जे व्हायचं ते झालं. पण यंत्र नीट चाललंय की नाही हे त्यांना अजूनही कळून घ्यायचं असतं. ते तळव्यानं ऐकतात.

ठाकुर्लीत वाढलेल्यांना चोळा पॉवर हाऊस वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना सांगावं लागतं, कारण त्यांच्या लेखी ठाकुर्ली म्हणजे डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधलं, फास्ट लोकल न थांबता निघून जाते ते स्टेशन. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. पुढे कल्याणपलीकडे, घाट चढून पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या न्यायच्या ठरल्या, तेव्हा जीआयपी रेल्वेनं स्वतःचं वीजघर बांधलं ते इथे, ठाकुर्लीत. बोरघाटात रुळांचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे. रस्त्याच्या मानानं हा आकडा किरकोळ वाटतो, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असताना तो फार मोठा. तो चढ चढायला लागणारी वीज आमच्या गावातल्या कोळशातून निघायची. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक काळी पूड बसायची आणि आई ती झटकताना काही बोलायची नाही, कारण त्या पुडीवरच घर चालायचं.

घाट आणि आमचं घर यांचा संबंध असा जुना आहे. माझा स्वतःचा घाटाशी संबंध आला तो दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात.

आत्या ओतूरला राहते. श्रावणातल्या सोमवारी तिथे कपर्दिकेश्वराची यात्रा भरते, गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी करतात, एकावर एक, बघताना श्वास रोखला जावा अशा. बाबांना दर श्रावणात एक सोमवार तिथे जायचं असतं. पूर्वी एसटीनं जायचे. गुडघे धरायला लागल्यापासून मी नेते. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे आणि मग माळशेज. जाताना काही झालं नाही. चढाला इंजिन स्वतःच कुरकुर करून सांगतं की खालचा गियर टाक. उतार काहीच सांगत नाही. परतीला पाऊस उघडला होता, ढग खाली दरीत उतरले होते, आणि मी चौथ्या गियरात, वळण आलं की ब्रेक, वळण सरलं की पाय वर, अशी घाट उतरत होते. अर्ध्या घाटात वास आला. जळकट, थोडा रबरासारखा. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी हवी तितकी धरेना. पाय आणखी दाबला, तेव्हा कुठे वेग उतरला. मी कडेला घेऊन थांबले. बाबांनी तळवा उचलला आणि एवढंच म्हणाले, "इंजिन मोकळंच होतं गं सगळा वेळ."

त्यांना ते कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

मला गाडी ज्यांनी शिकवली त्यांनी परवाना मिळण्यापुरती शिकवली. वर जाताना एक-दोन-तीन-चार, खाली येताना ब्रेक लाव आणि थांबायच्या आधी क्लच दाब. त्यात वाईट काही नाही, ठाकुर्ली-डोंबिवलीच्या गर्दीत तेवढ्यावर आयुष्य निघतं. पण ब्रेक करतो काय, तर गाडीच्या वेगाची उष्णता करतो. घाटातून खाली येणारी हजार किलोची गाडी प्रत्येक मीटरला ब्रेकच्या चार जागी उष्णता ओतत असते. पॅड तापले की त्यांची पकड कमी होते. आणखी तापले तर ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. मग पेडल सरळ खाली जातं आणि चाकांना काहीच पोचत नाही. आम्ही त्या टोकाला गेलो नव्हतो. पण त्या वासानंतर मी रात्री झोपले नाही.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. कल्याण डेपोतून एसटी चालवत निवृत्त झाले, त्यातली बरीच वर्षं माळशेजच्या मार्गावर. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "चढताना कुठला होता?"

"दुसरा. मधे मधे तिसरा."

"मग उतरताना चौथा कसा? ज्या गियरात घाट चढतो त्याच गियरात उतरायचा. आम्हाला पहिल्या दिवशी हे सांगतात."

हा नियम मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ऐकल्यावर वाटलं, हे तर पायी चालणाऱ्याला कुणी न सांगता येतं. नाणेघाट उतरताना आपण लांब टांगा टाकत नाही, आखूड पावलं टाकतो, गुडघ्यावर भार घेत. खालचा गियर म्हणजे गाडीची आखूड पावलं. रेसवरून पाय काढला की इंजिन ओढून घेतं, चाकांना मागे धरतं, आणि ब्रेक हवे तेव्हासाठी थंड राहतात.

पण नियम कळणं वेगळं आणि उतारावर, वळणाच्या तोंडाशी, तिसऱ्यातून दुसऱ्यात जाणं वेगळं. मी तसं करून पाहिलं तेव्हा गाडीनं असा हिसका दिला की मागच्या सीटवरची पाण्याची बाटली पुढे आली. काका म्हणाले, "कोरडा रस्ता आहे म्हणून हिसक्यावर भागलं. पावसात असा क्लच सोडलास तर पुढची चाकं घसरतील. तो हिसका म्हणजे ब्रेकच आहे, फक्त तो तुझ्या हातात नाही."

मग आमची शिकवणी सुरू झाली. पहाटे पाचला, ठाकुर्लीच्या समांतर रस्त्यावर. नव्वद फुटी म्हणतात त्याला. एका बाजूला नव्या इमारती, दुसऱ्या बाजूला रेल्वे, पुढे पत्रीपूल. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण त्या वेळी दूधवाले आणि चालायला निघालेली माणसं सोडली तर मोकळा असतो. काकांनी पहिल्या दिवशी गियरला हात लावू दिला नाही. न्यूट्रलमध्ये गाडी उभी, आणि रेसला एक टिचकी द्यायची. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा ३००० वर जाऊन खाली आला पाहिजे. २५०० नाही, ४००० नाही. अर्धा तास तेवढंच. माझ्या पायाला पेडल दाबता येत होतं, टिचकी येत नव्हती.

त्यांनी हिशेब सांगितला तो असा. माझ्या गाडीत तिसऱ्या आणि दुसऱ्या गियरमध्ये दीडपटीचं अंतर आहे. तिसऱ्यात ४०च्या वेगानं चाललेय तर इंजिन मिनिटाला २००० च्या आसपास फिरतंय. त्याच वेगाला दुसरा टाकायचा तर इंजिनाला ३००० वर असावं लागेल. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि रेस नसल्यामुळे त्याचे फेरे उतरायला लागतात, २००० चे १५००, १२००. म्हणजे त्याला जायचं असतं वर आणि ते जात असतं खाली. अशा वेळी क्लच सोडला तर हा सगळा फरक चाकांना भरून काढावा लागतो. तोच हिसका. म्हणून मधल्या क्षणी, क्लच दाबलेला असताना, रेसला टिचकी द्यायची आणि इंजिनाला ३००० वर नेऊन मग क्लच सोडायचा. वेग कमी करायला निघालो असताना रेस द्यायची, हे अंगाला पटायला मला तीन आठवडे लागले.

काकांच्या जुन्या बसमध्ये हे हौसेचं काम नव्हतं. आजच्या गाड्यांत गियरच्या आत पितळेच्या कड्या असतात. गियर टाकताना त्या कड्या दोन फिरत्या भागांना घासून त्यांचा वेग सारखा करतात आणि मगच दात दातात जातात. अमेरिकेत कॅडिलॅकनं १९२८ साली ही सोय पहिल्यांदा गाडीत दिली. जड गाड्यांत ती यायला फार वर्षं लागली. तोवर ड्रायव्हरच ती पितळी कडी होता. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गियर. डबल क्लच. चुकलं की गियर आतच जायचा नाही, करकरायचा, आणि सगळी बस तो आवाज ऐकायची. काका सांगतात, "म्हातारी माणसं पुढच्या बाकावरून मान वळवून बघायची. त्या नजरेनं शिकलो." माझ्या गाडीला डबल क्लचची गरज नाही. तरी त्यांनी महिनाभर तोच करायला लावला. त्यांचं म्हणणं, आतलं काम आधी स्वतः करून बघ, मग कडीला करू दे. मला ते पटलं. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच शिकवण्या नेमकी हीच पायरी गाळतात.

याच दिवसांत एका संध्याकाळी बाबांना हे सगळं समजावत होते. कागदावर लिहून, कारण बोललेलं अर्धं निसटतं. तिसरा, २००० लिहिलं. खाली दुसरा, ३००० लिहिलं. मधे बाण काढला. बाबांनी कागद हातात घेतला, बाण बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, "हे सिंक्रोनाइझ करणं झालं."

ते कंट्रोल रूममध्ये होते हे मला माहीत होतं. तिथे नेमकं काय करायचे, हे मी पन्नाशीला आले तरी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं. चालू लाइनला नवं मशीन जोडायचं असतं तेव्हा ते नुसतं जोडता येत नाही. लाइनवर वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेत धावत असते. तुमचं मशीन त्याच गतीनं फिरत असलं पाहिजे, दाब तोच असला पाहिजे, आणि लाट वर येण्याचा क्षणही तोच. पॅनेलवर घड्याळासारखी एक तबकडी असते, सिंक्रोस्कोप. तिच्यात एकच काटा. तुमचं मशीन हळू असेल तर काटा उलटा फिरतो, जलद असेल तर सुलटा. टर्बाइनची वाफ कमी-जास्त करायला सांगत सांगत तो काटा अगदी सावकाश, सुलट्या दिशेनं फिरेल असा करायचा. आणि तो बाराच्या जवळ येताना, पोचायच्या केसभर आधी, ब्रेकर लावायचा.

"आधी का?"

"हात हलायला वेळ लागतो. ब्रेकर मिटायला वेळ लागतो. तोवर काटा येतो बारावर."

"आणि चुकलं तर?"

त्यांनी दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या. एवढं जड मशीन, आणि लाइन त्याला एका झटक्यात आपल्या जागी ओढते. दांडा पिळवटून निघू शकतो.

"बरोबर लागलं तर कळतं कसं?"

"कळत नाही," बाबा म्हणाले. "काहीच होत नाही. काटा थांबतो."

मग थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाले, "लाइन आपल्यासाठी हळू होत नाही, बाळ. तिच्यावर सगळ्या गाड्या असतात. आपल्या हातात आपलं मशीन. ते तिच्याजवळ न्यायचं."

दोन ध्रुवांचं टर्बाइन-जनित्र ५० आवर्तनांच्या विजेसाठी मिनिटाला बरोबर ३००० फेरे फिरतं, हे मी नंतर पाहिलं. माझ्या टिचकीचा आकडाही तोच निघावा हा निव्वळ योगायोग, पण दुसऱ्या दिवशी पहाटे काटा ३००० वर जाताना माझ्या डोळ्यांसमोर गाडीचा मीटर नव्हता, ती तबकडी होती. त्याआधी मी टिचकी देऊन क्लच सोडत होते, म्हणजे काटा माथ्यावर पोचून उतरायला लागायचा तेव्हा क्लच धरायचा. आता काटा वर चढत असतानाच पाय सुटायला लागला. केसभर आधी. त्या पहाटे पहिल्यांदा दुसरा गियर पडला आणि बाटली जागची हलली नाही. काका काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, ती शिकवणीत कधी बाहेर निघत नसे.

आता उरलं होतं सगळ्यात अवघड. उतारावर वळण आलं की ब्रेकही हवा आणि त्याच वेळी रेसची टिचकीही हवी. पाय दोन, पेडलं तीन. डावा क्लचवर अडकलेला. म्हणजे एकट्या उजव्यानं दोन कामं करायची: चवडा ब्रेकवर, टाच रेसवर. शर्यतीत गाडी चालवणारे हे करतात असं मी ऐकून होते आणि मला वाटायचं ही त्यांची मिजास असेल. मिजास नाही. वळणात शिरण्याआधी गाडी योग्य वेगात आणि योग्य गियरात हवी, आणि दोन्ही गोष्टी एकामागून एक करायला रस्ता उरत नाही, एवढं साधं कारण आहे.

काकांनी चपला काढायला लावल्या. अनवाणी पायाला पेडलाची कड कळते. माझं पाऊल लहान, ब्रेक आणि रेस यांत अंतर जास्त. टाच पोचायची नाही, आणि पोचवायला गेले की चवड्याचा दाब बदलून गाडी डुलायची. चार-पाच दिवस नुसतं डुलणं झालं. शेवटी काकांनी टाचेचा नाद सोडायला सांगितला. चवड्याची डावी बाजू ब्रेकवर घट्ट ठेव, आणि पाऊल घोट्यातून उजवीकडे कलंडू दे, करंगळीकडची कड रेसला लागली की पुरे. आपण मांडी घालून बसताना पाऊल जसं कडेवर पडतं तसं. हे मला जमण्यासारखं होतं. घरी स्वयंपाक करताना ओट्याखाली पाय कलंडवायची सवय लागली. पोळी तव्यावर, डावा पाय जमिनीवर, उजवा कलंडतोय. चवडा स्थिर, कड हलती. ब्रेकचा दाब कणभर बदलता कामा नये. सगळी कला त्यात आहे. टिचकी कुणालाही येते.

त्या दिवसांत पहाटे डोंबिवलीकडून येणारी स्लो लोकल ठाकुर्लीत शिरताना दिसायची. नव्या लोकल थांबताना आपल्या मोटारींचंच जनित्र करतात. चाकांचा वेग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो आणि पुढच्या मागच्या कुठल्यातरी गाडीच्या कामी येतो. माझ्या गाडीचं इंजिन इतकं करू शकत नाही, ते अडवलेला वेग हवेत सोडून देतं. तरी दोघींची रीत एकच, जे यंत्र पळवतं त्यालाच आवरायला सांगायचं. ठाकुर्लीत वीज तयार व्हायची थांबून कितीतरी वर्षं झाली. पण थांबणारी प्रत्येक नवी लोकल इथे चार-दोन क्षण वीज करून जाते, आणि हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते दोनदा म्हणाले, "इथे? इथेच?"

गेल्या श्रावणात ओतूरला गेलो. पिंडी पाहिल्या, आत्याकडे जेवलो, आणि दुपारी परत निघालो. पिंपळगाव जोग्याच्या पाण्यावर ढग टेकले होते. घाटमाथ्याला आलो तेव्हा मुसळधार, वायपर कमी पडेल असा. बाबांनी तळवा डॅशबोर्डवर ठेवला. मी चपला काढून सीटखाली सारल्या. बोगदा ओलांडला आणि उतार लागला तसा तिसरा टाकला. पहिलं मोठं वळण दिसलं. चवडा ब्रेकवर, काटा उतरतोय, डावा पाय खाली, हात दांड्यावर, पाऊल कडेवर कलंडलं, इंजिनाचा आवाज एकदा वर उठला आणि डावा पाय सुटला. गाडी दुसऱ्यात होती. रस्त्यावरून पाणी वाहत होतं आणि चाकं त्यावरून आखूड पावलांनी चालली होती. पुढच्या सरळ तुकड्यावर तिसरा, वळणाला पुन्हा दुसरा. समोरून चढणाऱ्या ट्रकला थांबून वाट दिली. घाटात चढणाऱ्याचा मान पहिला.

असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. वैशाखऱ्याच्या अलीकडे रस्ता सपाट झाला, पाऊस रेंगाळत थांबला, आणि टोकावड्यात चहाच्या टपरीसमोर गाडी लावली. बाबा उतरले. गुडघा सरळ व्हायला वेळ लागला, तोवर दार धरून उभे राहिले. मग पुढच्या चाकाशी वाकले आणि तळवा रिमच्या जवळ नेला, आधी वीतभर अंतरावर, मग आणखी जवळ, मग टेकवलाच.

"थंड आहे," म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं विचारलं, "दुसरा कधी टाकलास?"